गन हवेची घ्यायची का बॅटरीची: गॅरेजच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

७ जून, शनिवार

चाकाच्या आणि सस्पेन्शनच्या कामाची इम्पॅक्ट गन (फटके मारत नट सोडवणारी-बसवणारी) बदलायचीय, त्याच्या नोंदी ठेवतोय. सध्याची गन हवेची आहे, अर्धा इंची (म्हणजे नटावर बसणारी गोटी जिथे लावतात तो चौकोन अर्ध्या इंचाचा), आणि तिची तऱ्हा अशी की साधा नट पटकन काढते पण गंजलेला नट आला की नुसती टरटर करत बसते. मग टॉमी (नट हाताने फिरवायचा दांडा), टॉमीवर पाईप आणि पाईपवर बारक्या, आमचा हाताखालचा पोरगा. मामा (आमचे जुने मिस्त्री, सगळे मामाच म्हणतात) म्हणतात गन म्हातारी झाली, तसलीच नवीन हवेची आण. बारक्या म्हणतो बॅटरीवाली घ्या भाऊ, आता सगळीकडे तीच चालते, मोबाईलवर मला रोज एक व्हिडिओ दाखवतो. मला दोघांचंही लगेच पटेना, कारण गन म्हातारी झालीय हे कोणी तपासलेलंच नाही, सगळे नुसतं म्हणतात.

गाळा नाशिकला, अंबड लिंक रोडला. आत दोन गाड्या, शेडखाली एक, बाकीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला. कंप्रेसर ३ एचपी, टाकी २२० लिटर, ६ बारला (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) चालू होतो ८ ला बंद. गिऱ्हाईक म्हणाल तर टूरवाल्यांच्या गाड्या, जुन्या मारुत्या, छोटे टेम्पो, आणि दिंडोरी-पिंपळगावकडचे पिकअप, द्राक्ष टोमॅटो वाहणारे, ज्यांच्या चाकाला चिखल आणि औषधाच्या फवाऱ्याने असा काही गंज धरतो की बघत राहावं. ट्रकची कामं आम्ही घेत नाही, त्याला एक इंची गन लागते, तो धंदा आडगावकडच्या लोकांचा.

आज एका दिंडीबरोबर जाणारा पिकअप आला होता, ब्रेकचं काम, पालखीच्या आधी पाहिजेच म्हणे. मागच्या चाकाचे दोन नट गनने सुटलेच नाहीत. तेव्हा ठरवलं की आता हा विषय नीट लावायचा.

९ जून, सोमवार

आज एकच काम केलं, पण ते आधीच करायला पाहिजे असं कोणीही सांगत नाही. गनच्या बुडाला, म्हणजे पाईप जिथे लागतो तिथे, टी बसवून प्रेशर गेज लावलं. ट्रिगर न दाबता गेज ८ बार दाखवतं, टाकीवरचंही ८, सगळे खूश. ट्रिगर दाबून गन फिरू दिली की काटा धाडकन ३.९ वर.

हवेच्या बहुतेक गनवर जो ताकदीचा आकडा छापलेला असतो तो ९० पीएसआयचा, म्हणजे ६.२ बारचा. आणि हे ६.२ गन चालू असताना, गनच्या तोंडाशी पाहिजेत, टाकीवर नाही. आमच्या गनला चालताना चारसुद्धा मिळत नाहीत. म्हणजे ही गन अर्धपोटी काम करतेय आणि आपण तिला म्हातारी म्हणतोय.

मामांना गेज दाखवलं. ते म्हणाले, "टाकीवर तर आठ आहे ना." मग परत ट्रिगर दाबून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण जेवणानंतर स्वतःच जाऊन पाईप बघत होते.

१२ जून, गुरुवार

दाब जातो कुठे ते शोधायचं तर आधी कंप्रेसर बघितला, कारण बारक्याचं म्हणणं कंप्रेसरच छोटा आहे. प्लेटवर लिहिलंय ११ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ११ घनफूट हवा. पण प्लेटवर बऱ्याचदा पिस्टनने ओढलेल्या हवेचा आकडा असतो, टाकीत खरी पडणारी हवा त्यापेक्षा कमीच असते. ती मोजायला काही मशीन लागत नाही, मोबाईलचं घड्याळ पुरतं. टाकी ६ बारवरून ८ वर यायला लागले १ मिनिट ५५ सेकंद. दोन बार गुणिले २२० लिटर म्हणजे ४४० लिटर मोकळी हवा, भागिले वेळ, म्हणजे मिनिटाला साधारण २३० लिटर, ८ सीएफएमच्या आसपास. अकराचे आठ. वाईट नाही.

आता गनचं. अर्धा इंची गनच्या डब्यावर ४-५ सीएफएम लिहिलेलं असतं, ते वाचून माणूस म्हणतो माझा कंप्रेसर भरपूर झाला. पण तो आकडा सरासरी वापराचा, म्हणजे थोडा वेळ ट्रिगर आणि बराच वेळ शांत असं धरून काढलेला. ट्रिगर दाबलेला असताना गन वीस-चोवीस सीएफएम खाते. २४ धरले तर मिनिटाला ६८० लिटर. टाकीत ८ ते ६ बारमध्ये ४४० लिटर आहेत, आणि तोवर कंप्रेसर बंदच असतो. म्हणजे सलग चाळीसेक सेकंद ट्रिगर दाबून धरला तेव्हा कुठे टाकी सहावर येते, आणि मग कंप्रेसर चालू होऊन मिनिटाला २३० भरायला लागतो. चार चाकं, पाच-पाच नट, एका नटाला तीन सेकंद, म्हणजे सगळं मिळून एक मिनिट, आणि तेही मध्ये थांबत थांबत, झाला की हिशोब. तेव्हा कंप्रेसर छोटा नाही. आमच्या कामाला बरोबर आहे.

मग उरला पाईप. आमचा पाईप म्हणजे तो निळा गुंडाळीवाला प्लास्टिकचा पीयू, स्प्रिंगसारखा, बाहेरून ८ मिमी आणि आतून फक्त ५. ब्लो-गनने फिल्टर उडवायला मस्त, इम्पॅक्टला भंगार. त्यात मध्ये दोन कपलर (पाईप पटकन लावायचे-काढायचे जोड), आणि कुठेतरी कधीतरी तुटला होता तिथे जोडलेला एक सांधा, त्याच्या आतलं भोक तर अजून बारीक.

जाता जाता, गळती. संध्याकाळी सगळं बंद करून कंप्रेसरचा स्विच काढला आणि चहा घेतला. नऊ मिनिटांत काटा ८ वरून ६ वर. नऊ मिनिटांत ४४० लिटर, म्हणजे मिनिटाला ४९ लिटर नुसते हवेत. कंप्रेसर जेवढं बनवतो त्याचा पाचवा हिस्सा कोणी न वापरता जातोय.

१७ जून, मंगळवार

द्वारका चौकाकडे टूल्सच्या दुकानांत फिरलो. वाटेत सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते उकरलेले, वेळ जायचा तो गेला.

दुकानात एक कळलं की डब्यावरच्या न्यूटन मीटरवर (नट पिळायच्या ताकदीचं माप) लोक भाजीसारखा भाव करतात. ८०० वाली, १००० वाली, १२०० वाली. पण कुठला आकडा ते कोणी विचारत नाही. बॅटरीच्या गनला दोन आकडे असतात, एक घट्ट करायचा आणि एक सोडवायचा, आणि सोडवायचा कायम मोठा. मकिता डीटीडब्ल्यू १००२ घ्या, घट्ट करायला १००० आणि सोडवायला १६०० न्यूटन मीटर. डिवॉल्ट डीसीएफ ८९९ ला ९५० आणि १६२५. दुकानदार अर्थात मोठाच आकडा आधी सांगतो. हवेच्या गनांवर तर कधी फूट-पाउंड असतात कधी न्यूटन मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर, तेव्हा ६०० फूट-पाउंडवाली हवेची आणि ८०० न्यूटन मीटरवाली बॅटरीची साधारण एकाच रांगेतल्या, पण काउंटरवर शेजारी ठेवल्या की ८०० वाली मोठी वाटते.

अजून एक, २० व्होल्ट मॅक्स लिहिलेली बॅटरी १८ व्होल्टपेक्षा जोरदार नसते. आत तेच पाच सेल एकामागे एक, पूर्ण चार्ज असताना चार-चार व्होल्ट म्हणून वीस, कामात सरासरी ३.६ म्हणून अठरा. हे बारक्याला सांगितल्यावर तो जरा नाराज झाला.

घेतलं काही नाही. आधी पाईप.

२१ जून, शनिवार

पाईपलाइन बदलली. भिंतीवरून पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन, कंप्रेसरकडून पुढे थोडा उतार ठेवून, आणि प्रत्येक बेसाठी (गाडी लावायच्या जागेसाठी) खाली येणारा पाईप मेन लाइनच्या वरच्या अंगाने काढून वळवून आणलाय, म्हणजे लाइनीतलं पाणी सरळ गनमध्ये उतरत नाही. तिथून पुढे चार सुती (अर्धा इंची) रबरी होस, गनच्या टोकाला दीड मीटर मऊ तुकडा म्हणजे मनगटाला ओढ बसत नाही. कपलर मोठ्या भोकाचे. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघितलं, जिथे बुडबुडे आले तिथे परत टेफ्लॉन.

पाईप जाड केल्याने एवढा फरक का पडतो त्याचं गणित आहे. हवा तेवढीच न्यायची असेल तर आतला व्यास दुप्पट केल्यावर घासून जाणारा दाब निम्मा होत नाही, साधारण बत्तीसपटीने कमी होतो. पाचाचा दहा केला तरी एवढा फरक, आपण तर बाराच्या पुढे गेलोय.

आता गेज, ट्रिगर दाबलेला असताना: ६.१ बार. गन तीच.

ताकद मोजायची सोय पण केली. आडगावच्या टायरवाल्या दोस्ताकडून पाऊण इंची मोठा टॉर्क पाना (लावलेल्या ताकदीला टिक करणारा) आणला, ७०० न्यूटन मीटरपर्यंत जाणारा. जाड पट्टीत एम २४ चा (२४ मिमी जाड) १०.९ ग्रेडचा कडक बोल्ट, थोडं तेल, गनने पाच सेकंद घट्ट करायचा आणि मग पाना २०-२० ने वाढवत बघायचं कुठल्या आकड्याला नट अजून थोडा फिरतो. लॅबसारखं नाही हे, पण दोन गना एकाच बोल्टवर तपासल्या तर तुलना तरी खरी होते. जुना निळा पाईप परत लावून आधी मोजलं, २८०. नवीन होस लावून, ४७०.

डब्यावर ८०० आहेत. तरी ४७० ला पिकअपचा कुठलाही नट राहणार नाही. मामांनी होस हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, जड आहे जरा. हो, आहे.

गळतीही परत बघितली, आता ८ वरून ६ वर यायला चाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला ११ लिटर. याचे पैसे काढले. कंप्रेसर सलग चालला तर तासाला अडीच युनिटच्या आसपास. आधी दहा तासांच्या दिवसात दोन तास तो नुसती गळती भरत होता, म्हणजे रोज पाच युनिट, युनिट दहा रुपये धरलं तर पन्नास, महिन्याला तेराशे. आता त्यातले तीनशे-साडेतीनशे राहिले. पाईपचा खर्च वर्षाच्या आत वसूल.

आता प्रश्न असा की बॅटरीची गन घ्यायचीच कशाला? ताकदीसाठी घ्यायची गरज राहिली नाही, हे आजचं उत्तर.

२६ जून, गुरुवार

तरी मागवली ट्रायलला. एका ओळखीच्या वर्कशॉपकडे अर्धा इंची बॅटरीची ब्रशलेस (मोटरला कार्बन ब्रश नसलेली) आहे, हजारवाल्या रांगेतली, ५ एएचच्या (अँपिअर-तासाच्या) दोन बॅटऱ्या. आठवडाभर देतो म्हणाला.

त्याच बोल्टवर, वरच्या मोडला, पाच सेकंद: ६२०. म्हणजे हवेपेक्षा जास्त. आणि इथे एक गोष्ट समजून घ्यायची. हवेच्या गनमध्ये पंख्याच्या पात्या हवेने फिरतात आणि हातोडा त्यांच्या जोरावर मारतो, दाब पडला की प्रत्येक फटका मऊ. बॅटरीच्या गनमध्ये मोटर हातोड्याला स्प्रिंगविरुद्ध मागे चढवते आणि स्प्रिंग त्याला पुढे सोडते, त्यामुळे बॅटरी पार उतरायला आली नसेल तर पहिला फटका आणि पन्नासावा फटका साधारण सारखाच. तिचा जोर टाकीत किती हवा उरली, पाईप कुठे दबला यावर अवलंबून नाही.

मग लांब एक्स्टेन्शन आणि त्यावर फिरता जॉइंट लावून तेच केलं: ४३०. जवळजवळ दोनशे न्यूटन मीटर नुसते जोडणीत गेले. सस्पेन्शनच्या लोअर आर्मच्या बोल्टला आपण हेच लावतो आणि मग म्हणतो गनमध्ये दम नाही. शक्य असेल तिथे खोल गोटी थेट गनवर लावायची, एक्स्टेन्शन लागलंच तर जाड आणि आखूड, आणि फिरता जॉइंट अगदी नाइलाज असेल तरच. इंजिनच्या क्रँक पुलीच्या बोल्टला जाड वजनाची गोटी मिळते, तीही याच कारणाने, गोटीचं वजन फटका साठवून बोल्टला देतं.

गोटी काळी, इम्पॅक्टचीच. चकचकीत क्रोमच्या गोट्या हाताच्या पान्याला ठीक, गनवर त्या तडकतात आणि तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. बारक्याच्या पेटीतून क्रोमची १९ नंबर गनच्या ट्रॉलीवरून उचलून त्याच्याच पेटीत परत टाकली, ही आता रोजची कवायत.

वजन. बॅटरीसकट साडेतीन किलोच्या आसपास, हवेची दोन. चाकाला फरक कळत नाही, लिफ्टखाली हात वर करून काम करताना खांद्याला कळतो. मामांनी दोन गाड्या केल्या आणि ठेवून दिली.

पण बारक्याने ती दिवसभर सोडली नाही, आणि का ते बघत बसलो. शेडखालची गाडी, रस्त्यावरची गाडी, दोन्हीकडे होस पोचवायचा म्हणजे एकाने जाऊन कपलर काढायचा, होस ओढायचा, तो गाडीखाली अडकतो, परत जायचं. बॅटरीची गन उचलली, गेला, नट काढले, आला. मी ताकद मोजत बसलो होतो आणि इथे वेळ चालण्यात जात होता.

४ जुलै, शुक्रवार

पाऊस काही थांबायला तयार नाही. आज सकाळी टाकीचा खालचा कॉक उघडला तर दुधाच्या चहासारखं पाणी किती आलं, बादलीच्या बुडाला थर बसला. पावसाळ्यात हवा ओलीच असते, पंचवीस अंशाला पूर्ण ओल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये तेवीस ग्रॅम पाणी वाफ होऊन असतं. ती हवा दाबून ७ बारला आठव्या हिश्श्यात कोंबली आणि परत थंड झाली की त्यातलं तीनच ग्रॅम वाफ म्हणून राहू शकतं, बाकीचं वीस ग्रॅम टाकीत आणि पाईपात. हे पाणी गनच्या पात्यांवर गेलं की ग्रीस धुऊन निघतं, गंज धरतो, पात्या चिकटतात. म्हणून लाइनला पाणी पकडणारा फिल्टर, आणि रोज सकाळी कॉक, आणि गन वापरायच्या आधी बुडात हवेच्या टूलच्या तेलाचे चार-पाच थेंब. इंजिन ऑइल नाही, ते जाड, त्याने पात्या सुस्त होतात.

जुन्या गनच्या पात्या काढून बघितल्या. कडा झिजल्यात पण तुटल्या नाहीत. म्हणजे मामांचं म्हातारीवालं म्हणणं थोडं खरं, त्यांना सांगितलं तसं, खूश झाले.

बॅटरीवालीला यातलं काही नाही, पण तिचे वेगळे नखरे. सलग काम घेऊन गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावली तर चार्जर थांबतो, थंड होईपर्यंत नुसता दिवा मिचकावतो, बारक्याला वाटलं बिघडला. ब्रेक ऑइलचा हात तिच्या प्लास्टिकला लागू द्यायचा नाही. आणि पावसात उघड्यावर वापरायची वस्तू नाही ती, लोक वापरतात ते त्यांचं त्यांना माहीत.

चार्जिंगचा खर्च विचाराल तर १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-तास, वाया जाणारं धरून ०.१ युनिट. एक रुपया. खरा खर्च बॅटरी जुनी झाल्यावर नवीन घ्यायचा, आणि एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढचं प्रत्येक टूल त्याच कंपनीचं. हे लग्न आहे, बघून करायचं.

११ जुलै, शुक्रवार

काल रात्री एका टूरवाल्या गिऱ्हाइकाचा इगतपुरीच्या पुढून फोन, कसारा घाटाच्या अलीकडे इनोव्हाचं मागचं चाक बसलंय, स्टेपनी आहे पण नट सुटत नाहीत, आत म्हातारी माणसं. ट्रायलची मुदत संपली होती पण गन अजून आमच्याकडेच. बारक्या आणि मी गेलो. गाडी पुलाखाली कोरड्यात घ्यायला लावली, २१ ची गोटी, पाच नट, बोलता बोलता झालं. हवेची गन असती तर कंप्रेसर कोण नेणार होतं तिथे? आधी अशा वेळी टॉमी आणि पाईप घेऊन जायचो, आणि पावसात निसरड्यावर पाईपवर उभं राहणं हा काही शहाणपणा नाही, जॅकवरची गाडी हलते.

नट बसवताना मात्र सगळे हाताने सुरू केले, गनने फक्त टेकवले, आणि शेवटी टॉर्क पाना, १०३ न्यूटन मीटरला टिक. गिऱ्हाईक म्हणाला अजून घट्ट करा ना, हायवे आहे. नाही म्हटलं, एवढाच पाहिजे.

आज सकाळी फोन करून गन घ्यायची आहे म्हणून सांगितलं. त्याचीच जुनी नाही, नवीन, पण हजारवाली नको, एक पायरी खालची. कारण पुढच्या नोंदीत.

१९ जुलै, शनिवार

नवीन आली. ४०० च्या रांगेतली, हलकी, आणि मोड बदलता येणारी. हजारवाली न घेण्याचं कारण म्हणजे जास्त ताकद सोडवायला कामाची, बसवायला घातक. जुन्या छोट्या मारुतीच्या पुस्तकात चाकाच्या नटाला ८५ न्यूटन मीटर दिलंय. ट्रायलवाली गन वरच्या मोडला तीन सेकंद सोडली असती तर याच्या कितीतरी पुढे गेली असती, मग स्टड ताणला जातो, डिस्कवर वेडावाकडा दाब बसतो, आणि पुढच्या वेळी रस्त्यात पंक्चर झालं की त्या माणसाच्या गाडीतल्या छोट्या पान्याने नट हलत नाही. गिऱ्हाईक आपल्यालाच शिव्या घालणार, आणि बरोबरच घालणार.

नवीन गनवर तपासलं, सगळ्यात खालच्या मोडला नट टेकला की साधारण ६०-७० वर येतो. ते आपल्याला पाहिजे तेच. त्यानंतर चांदणी काढल्यासारखं समोरासमोरचे नट, आणि टॉर्क पाना. उलट फिरवताना नट सुटला की गन आपोआप थांबायचीही सोय आहे, नट उडून गाडीखाली जात नाही, मामांना गुडघ्यावर बसून शोधायला लागत नाही, त्यांना हीच सोय सगळ्यात आवडली.

फारच जाम असलेल्याला हवेची आहेच आता, ६ बार खाऊन. पात्यांचा किट टाकला, त्याच बोल्टवर ५४० आली.

आवाजाचं लिहायचं राहिलं. हवेची गन बंद शेडमध्ये कानाशी शंभर डेसिबलच्या वर जाते, बॅटरीवाली गोंगाट करते पण तेवढी नाही. कानाचे बोळे आणलेत, लावतो एकटा मीच.

२ ऑगस्ट, शनिवार

सध्याची वाटणी ठरवून केलेली नाही, आपोआप पडलीय. आतल्या दोन बेमध्ये मामा हवेचीच वापरतात, हलकी आहे, गरम होत नाही, दिवसभर चालते. शेडखाली, बाहेर आणि फोन आला तर बॅटरीवाली. गुरुवारी दुपारी लाइट गेली तेव्हा टाकीत होती तेवढ्या हवेवर एक गाडी झाली आणि बाकी बारक्याने बॅटरीवर काढल्या.

कंप्रेसर काढून टाकायचा विचार कधीच नव्हता, टायरला हवा, ब्लो-गन, ग्रीसची गन, सगळं त्याच्यावर. ज्याच्याकडे कंप्रेसर आधीच आहे त्याला चांगली हवेची गन बॅटरीच्या सेटच्या साधारण निम्म्यात पडते, फक्त तिला पाईप द्यायला पाहिजे. आणि ज्याच्याकडे कंप्रेसरच नाही त्याने निव्वळ इम्पॅक्टसाठी कंप्रेसर, टाकी, लाइन, फिल्टर असलं सगळं उभं करू नये, त्या पैशात दोन बॅटऱ्यांची गन येऊन वर गोट्यांचा सेट येतो.

आज सातपूरच्या दोस्ताचा फोन, टू-व्हीलरचं गॅरेज, त्याला पण गन घ्यायचीय, मॅग्नेटचा नट आणि स्कूटरच्या व्हेरिएटरचा नट, दोन्हींनी वैताग आणलाय. विचारतो हजारवाली घेऊ का. म्हटलं तुला अडीचशे-तीनशेची छोटी बास, वरचा मोड सोडवायला आणि बसवायला टॉर्क पाना, नाहीतर क्रँकचे आटे खाशील. ड्राइव्ह अर्धा इंचीच घे, तुझ्या गोट्या अर्धा इंचीच्या आहेत. तो म्हणाला गोट्या घेऊन येतो, लावून बघतो तुझ्या गनवर. ये म्हटलं, पण सोमवारी नको, श्रावणी सोमवार आहे, त्र्यंबकला जाणाऱ्या टूरवाल्यांच्या गाड्या सकाळपासून उभ्या असतील.